ऑर्व्हलची हलकी हेडं

ऑर्व्हल टीग माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. बोलायचा कमी आणि ऐकायचा त्याहून कमी. उभा जन्म त्याने काउंटीचे खडीचे रस्ते सारखे करायचं मोठं यंत्र चालवलं, म्हणून लोक म्हणायचे की त्याचे कान गेलेत. कसले जातात कान! इंजिनातला एखादा वॉल्व्ह जरा टिकटिकला तर त्याला अंगणाच्या पलीकडून कळायचं. डोरथियाने, माझ्या बहिणीने, जेवायला हाक मारली की मात्र तीनतीनदा मारावी लागायची. ती म्हणायची, "नेव्हा, मी मेले तर याला दोन दिवसांनी पत्ता लागेल." तसं काही झालं नाही. ती गेली तेव्हा तिचा हात त्याच्याच हातात होता, आणि त्यानंतर वर्षभर त्याने गॅरेजचं दार उघडलं नाही.

मी राहते त्याच्या कुंपणापलीकडे. माझ्या नवऱ्याला मी फार पूर्वी हाकलला, तो विषय वेगळा. पुन्हा एकदा पलीकडून पान्यांचा खणखणाट ऐकू आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मक्याचा ब्रेड भाजून घेऊन गेले. हा त्याच्या शेव्हेल गाडीच्या बॉनेटमध्ये अर्धा आत. "ठेव तिथे," म्हणाला. आभार नाही, काही नाही. म्हटलं, चला, माणूस बरा झाला.

आमच्या बार्लो क्रॉसिंग गावात दोनच ठिकाणं आहेत, चर्च आणि शर्यतीची पट्टी. शनिवारी पट्टीवर जी भांडणं लागतात ती रविवारी चर्चमध्ये मिटतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात, आणि तुम्ही शिंकून नाक पुसेपर्यंत शर्यत संपते. एवढ्यासाठी आमची माणसं अख्खा हिवाळा तेलात हात बुडवून बसतात. माझी तिथे टपरी आहे, खिमा-राजम्याची चिली, कॉफी आणि तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच. त्यामुळे सगळ्यांची सगळी बडबड माझ्या कानावर.

ऑर्व्हलची गाडी म्हणजे सत्तर सालची हिरवी शेव्हेल, आणि तिच्यात शेवरलेचं ते थोराड चारशे चोपन्न घनइंची इंजिन. पट्टीवरची निम्मी माणसं इंजिन दुकानातून बांधून आणतात आणि वर छाती काढून फिरतात. ऑर्व्हलच्या इंजिनाला त्याच्याशिवाय कुणाचाही पाना लागलेला नव्हता. रॉयस ब्लेडसोचासुद्धा नाही. रॉयस म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावातले ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, तोंडाने माझ्याहून फटकळ. आता यावरून काय ते समजा.

ऑक्टोबरात शर्यतींच्या सीझनच्या शेवटच्या शनिवारी ऑर्व्हल माझ्या टपरीसमोरच्या बाकावर बसला होता. सँडविच खाता खाता म्हणाला, "यंदा ॲल्युमिनियमची हेडं टाकीन म्हणतो."

रॉयसच्या नाकात कॉफी गेली. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं. सगळे वॉल्व्ह त्यातच बसतात, हवा आणि पेट्रोल त्यातूनच आत जातं. मोठ्या इंजिनाला अशी दोन. ऑर्व्हलची जुनी हेडं बिडाची होती, कारखान्यातून आलेली, आणि बिडापुढे त्याला जगात काही दिसायचं नाही.

"कोण, तू?" रॉयस म्हणाला. "अरे, ॲल्युमिनियमचे बिअरचे डबे करतात, इंजिनं नाही, असं कोण बोंबलायचं? डोरथियाला विचार वर गेल्यावर."

"बोंबलायचो. आता टाकीन म्हणतो."

"मग टाकायचीच तर मोठी टाक. रुंद चौकोनी वाटांची. हवा जेवढी आत, तेवढे घोडे बाहेर."

"गाडी जड, पट्टी आखूड. एवढ्या मोठ्या वाटांतून हवा रेंगाळत जाणार, इंजिन जोमात येईपर्यंत पट्टी संपणार. लहान वाट बरी. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धर, पाणी लांब जातं की नाही?"

"बघा रे, हा शर्यतीला नळी घेऊन येणार!"

मग लॉनी आला. तो गॅस स्टेशन चालवतो, दोन पोरांचा बाप आहे, पण आमच्यात अजून धाकटाच. त्याने फोनवर शोधून दाखवलं. "हे बघा काका. लंबगोल वाट, आणि खालचा खड्डा तुमच्या पिस्टनला जमेल एवढाच. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता पटकन सोडतं. दाब थोडा वाढवलात तरी इंजिनात ठोके पडणार नाहीत."

"वजन किती?" ऑर्व्हलने विचारलं.

लॉनीने सांगितलं. दुसरं दाखवलं. "आणि याचं वजन?" तिसरं दाखवलं. "याचं?"

"अरे काय वजन वजन लावलंयस!" रॉयस ओरडला. "हेड घेतोयस की बटाटे?"

"भंगाराचा धंदा काढतायत काका," लॉनी म्हणाला. सगळे खो खो हसले, मीही हसले. गाडीचं नाक हलकं व्हावं म्हणून विचारत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. जड नाकाची गाडी सुटायला मंद, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. ऑर्व्हलही जरासा हसला आणि उरलेलं सँडविच त्याने कागदात गुंडाळलं. डाव्या हाताने. मी बघितलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

नोव्हेंबरात मला म्हणाला, "नॅशव्हिलला सोडशील का? तुझ्याच गाडीने जाऊ." मी म्हटलं, तुझा ट्रक काय झोपलाय? म्हणाला, "रस्ता लांब आहे." ज्या माणसाने रस्त्यांवर जन्म काढला त्याला रस्ता लांब! पण गेले घेऊन.

आधी त्याने शर्यतीच्या सामानाच्या दुकानात गाडी थांबवायला लावली. काउंटरमागे कातरलेल्या दाढीचा एक देखणा विक्रेता होता. त्याने दोन कंपन्यांची दोन हेडं काढून ठेवली आणि हवेचे आकडे सांगायला लागला. ऑर्व्हलने त्याला हाताने थांबवलं.

"उचलून बघू?"

"बघा की."

ऑर्व्हलने पहिलं हेड छातीशी धरलं आणि चालायला लागला. काउंटरपासून दारापर्यंत गेला, परत आला, ठेवलं. कपाळावर घाम. दुसरं उचललं, तसाच दारापर्यंत गेला, तिथे वळून जरा थांबला, परत आला. मग ते कमरेइतक्या उंचीवर हात लांब करून धरलं, जसं इंजिनावर ठेवताना धरावं लागतं तसं. हात थरथरले, पण धरलं. विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले.

"पहिल्यातून हवा जास्त जाते, सर," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"हे नुसतं मिळेल किंवा वॉल्व्ह-स्प्रिंगा बसवून. वॉल्व्हसकट थोडं जड पडतं."

इथे मात्र ऑर्व्हल अडला. मग म्हणाला, "बसवलेलं दे. त्या स्प्रिंगा दाबायला अंगठे लागतात. माझे रजेवर आहेत." आणि दुसरं, हवा कमी जाणारं, तेच त्याने पक्कं केलं. मला वाटलं, म्हातारा पुरता चळला.

तिथून आम्ही इस्पितळात गेलो. मला चष्म्याचं काम सांगितलं होतं. मजल्यावर पाटी होती नसांच्या आजारांची. मी बाहेर खुर्चीत बसून एक जुनं मासिक उलटं धरून वाचत होते.

परतीला त्याने बोलायला सुरुवात केली ती काउंटीची हद्द ओलांडल्यावर.

"नसांचा आजार आहे. हातांपासून सुरू झालाय. मग बाकीचं."

"बरा होतो ना?"

"नाही."

मी गाडी चालवत राहिले. "आपलं वळण गेलं, नेव्हा," तो म्हणाला. मी पुढच्या वळणावरून परत फिरले. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. असं सांगतात का कुणाला, गाडी चालवताना?

मग त्याने हात पुढे करून दाखवला. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा, जिथे त्याच्या हाताला चांगला गुबगुबीत मांसाचा गोळा होता, तिथे खळगा पडला होता. म्हणाला, "बिडाचं हेड आता उचलत नाही. सप्टेंबरात गॅरेजात पडलेलं एक जुनं उचलून पाहिलं. पंचाहत्तर पौंड आहे ते. हे चाळीसच्या आसपास आहे, हे उचलेल. एकदा हेड माझ्या हाताने बसवून इंजिन बंद करायचंय. तेवढं झालं की बास."

"मग रॉयसला सांग. तो धरेल एका बाजूने."

"नाही." इतक्या जोरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "कुणाला कळता कामा नये. कळलं की माझ्या हातात कुणी पाना राहू देणार नाही. प्रेमाने काढून घेतील. तुला माहीत नाहीत का आपली माणसं? डोरथियाची शपथ घे."

घेतली शपथ. बहिणीच्या नावाने घेतलेली शपथ मोडणारी मी नव्हे.

हिवाळाभर तो गॅरेजात होता. जुनी हेडं साखळीच्या क्रेनने उतरवली. मी म्हटलं, "मग नवी पण क्रेननेच ठेव ना, कोण बघतंय?" तर म्हणे, "उतरवायला क्रेन चालते. बसवताना हेड इंजिनावरच्या खुंटीवर टेकलेलं हाताला कळायला लागतं." मग ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या धडाचा, पृष्ठभाग साफ करणं, बोल्टांच्या भोकांतली जुनी घाण काढणं, एकेक बोल्ट रॉकेलात धुऊन फडक्यावर मांडणं. पूर्वी एका शनिवार-रविवारात उरकणारं काम. आता बोटं सकाळी थोडी चालायची, दुपारी नाही. मी चिडायचे, "अरे, बसव की एकदाचं!" तो म्हणायचा, "घाई कशाची?" घाई कशाची होती ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. पण मला वाटतं, त्याला ते पुरवून पुरवून करायचं होतं. डोरथिया पानातला आवडता घास शेवटी ठेवायची, तशातली गत.

मार्च अखेरीला सगळं तयार झालं. पॅकिंग ब्लॉकवर ठेवलेलं, दोन्ही हेडं बाकावर पुसून ठेवलेली. शुक्रवारी नॅशव्हिलची फेरी होती. "उद्या सकाळी बसवतो," तो गाडीत म्हणाला. त्या दिवशी जाताना तो चक्क शीळ घालत होता. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

संध्याकाळी परत येताना गावाच्या अलीकडच्या पुलावर त्याने काच खाली केली.

"नेव्हा, थांब जरा."

मी थांबले. मला वारा तेवढा ऐकू आला.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

"काय तुझी?"

"गाडी. चालू आहे."

मला वाटलं चोरी. मी गाडी पळवली. वळणावरून बघते तर त्याच्या अंगणात ट्रकच ट्रक, धूर, मांस भाजल्याचा वास, पोरंबाळं. आणि गॅरेजच्या दारात हिरवी शेव्हेल घुमत उभी. आमच्याकडे ही रीतच आहे. एखाद्याची गाडी सीझनच्या तोंडावर खोळंबली की सगळे जमतात आणि रातोरात पुरी करून देतात. आजारी असो, बायको गेलेली असो, विचारत नाहीत. या रीतीबद्दल आजवर मी स्वतः फुशारक्या मारल्यात. रॉयस काहीतरी उसनं न्यायला आला होता, गॅरेजला कुलूप आम्ही कुणीच लावत नाही, आणि सगळं मांडलेलं बघून त्याला वाटलं, बिचारा एकटा, डोरथियाशिवाय मन लागत नाही, पुढच्या शनिवारी सीझन सुरू. त्याने सगळ्यांना फोन केले.

"काय म्हाताऱ्या!" रॉयस हात पसरून आला. कोपरापर्यंत तेल, तोंड नुसतं फुललेलं. "हिवाळाभर बटाटे मांडून बसलास, आम्ही एका दिवसात भाजी केली! ऐक, ऐक कशी बोलतेय!"

मी ऑर्व्हलकडे बघू शकले नाही. गाडीचं दार उघडायला त्याला दोन्ही हात लागले. तो चालत गेला, बॉनेटशी उभा राहिला आणि ऐकलं. सगळे पुढे सरकले, तो काय म्हणतो ते ऐकायला.

"छान बसवलंत," तो म्हणाला. "मनापासून आभार."

टाळ्या काय, शिट्ट्या काय. पट्टीवरच्या आमच्या ड्वेनच्या बायकोने त्याच्या हातात ताट दिलं. लॉनीची धाकटी त्याच्या मांडीवर बसली. तो प्रत्येकाशी बोलला, ज्याने जे केलं ते विचारून घेतलं. कुणी बोल्ट आवळले? रॉयसने. हेड कुणी उचलून ठेवलं? ड्वेनने, एका हाताने, काका, पिसासारखं आहे ते! आणि हा आपला मान डोलावतोय. मी आत जाऊन नळ सोडून सिंकपाशी उभी राहिले, माझं रडू कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता सांग. गाढव आहेत सगळे!"

"गाढव नाहीत," तो म्हणाला. "चांगले आहेत. तेच तर अवघड आहे."

रविवारी तो चर्चला आला नाही. मी प्रार्थना संपल्या संपल्या तव्यावर टाकलेल्या शेंगदाण्यांसारखी तडतडत तिथून निघाले आणि थेट त्याच्या गॅरेजात गेले. त्याने इंजिन उपसायला घेतलं होतं. पाणी काढलेलं, वरचं सगळं सुटं करून ओळीने मांडलेलं. लहान बोल्ट त्याला जमले होते. आता हेडाचे बोल्ट होते, आणि ते रॉयसच्या हातचे आवळलेले. लांब दांड्याच्या पान्यावर तो अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळत होता, पण मूठच टिकत नव्हती. पाना निसटून फेंडरवर, चाकावरच्या पत्र्यावर, आदळला आणि रंगाचा टवका उडाला.

"मी ओढते," मी म्हटलं.

"मग ते तू काढलेलं होईल."

"हट्टी म्हाताऱ्या, कुणी काढलं याने काय फरक पडतो?"

"मला पडतो."

नेमका त्याच वेळी रॉयस दारात. चर्चच्या कपड्यांत, विसरलेलं जॅकेट न्यायला. त्याने उपसलेलं इंजिन बघितलं, ऑर्व्हलच्या हातातला पाना बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. एखाद्याने आवळलेले बोल्ट त्याच्या पाठीमागे सोडून बघणं, याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. तोंडावर थुंकलेलं परवडलं.

"काय रे?" रॉयस हळूच म्हणाला. "माझ्या हातावर विश्वास नाही?"

ऑर्व्हलने पाना फडक्यावर ठेवला.

"नव्हता तर परवा बोलायचंस. आभार कशाला मानलेस? पोरांनी रजा टाकून काम केलं रे. ड्वेनने तुझ्यासाठी पगार बुडवला." त्याचा आवाज फाटला. "शाळेपासून ओळखतो तुला. आणि तू मी गेल्यावर माझे बोल्ट तपासतोस?"

त्याने खुंटीवरचं जॅकेट ओढलं आणि वळला. शपथेने माझं तोंड बांधलेलं होतं. मी ऑर्व्हलकडे असं बघितलं की दगडाला पाझर फुटावा.

"रॉयस," ऑर्व्हल म्हणाला. "तो मागचा बोल्ट मला सुटत नाहीये."

"म्हणजे?"

"हातात जोर नाही." त्याने हात पुढे केला. रॉयस जवळ आला, तो खळगा त्याने बघितला, स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघितला. ऑर्व्हलने दोन वाक्यांत सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर मला हेड बसवू दिलं असतंस?"

रॉयस तोंडाचा कितीही फटकळ असला तरी खोटं बोलत नाही. कोट काढला, बाह्या वर केल्या, पाना घेतला आणि एकेक बोल्ट नुसता सैल केला. बाहेर एकही काढला नाही. मग बाजूला सरकून म्हणाला, "घे. पुढचं तुझं."

ऑर्व्हलने बोटांनी बोल्ट काढले. सावकाश, एकेक करून, फडक्यावर ओळीने ठेवत. आम्ही दोघं भिंतीशी उभे. मग त्याने हेडाला दोन्ही बाजूंनी कवटाळलं. रॉयस पुढे झाला तशी मी त्याचा शर्ट धरून मागे ओढला. पॅकिंग जरा चिकटलेलं होतं, ते सुटलं, हेड वर आलं. दुकानात उचललं होतं तसंच त्याने धरलं. पण ते नोव्हेंबरात होतं. आता त्याचे खांदे थडथडायला लागले, मान ताठली, आणि हेड त्याच्या हातातून तिरकं होऊन खाली आलं, थेट ब्लॉकच्या खुंटीवर.

रॉयसने ते उचलून उलटं केलं. तळाच्या चकचकीत पृष्ठभागावर एक चर पडला होता. त्याने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. बीड असतं तर ओरखड्यावर भागलं असतं. ॲल्युमिनियम हलकं, तसंच मऊ.

"घासून आणावं लागेल," रॉयस म्हणाला. "मशीन शॉपची रांग बघता, जून उजाडेल."

"जूनपर्यंत माझ्या हातात चमचा राहिला तरी पुष्कळ," ऑर्व्हल म्हणाला आणि उलट्या बादलीवर बसला. रडला नाही. मी रडले. रॉयस कितीतरी वेळ ते हेड पोटाशी धरून उभा होता, रविवारचा पांढरा शर्ट तेलात.

"मी पाडलं," रॉयस म्हणाला.

"काय?"

"कुणी विचारलं तर. पॅकिंगची मला शंका आली, मीच उपसायला लावलं, माझ्याच हातून पडलं. संपला विषय. नेव्हा, तूही ऐकलंस."

ऑर्व्हल हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

पुढच्या शनिवारी सीझन उघडला. ऊन छान होतं. पहिल्या दिवशी दुपारी आमच्याकडे एक खेळ असतो. ओकच्या जाड फळीवर जळका पिस्टन ठोकलेला आहे, आणि हिवाळ्यात ज्याने सगळ्यात मोठा गाढवपणा केला त्याला तो भोंग्यावरून नाव पुकारून देतात. तो माणूस वर्षभर तो आपल्या गॅरेजात टांगतो. यंदा कुणाला, हे सांगायची गरजच नव्हती. सकाळपासून रॉयसची नुसती हजामत चालली होती. "रॉयसकाका, हाताला लोणी लावून आला होतात का?" लॉनी विचारत होता. ड्वेन म्हणे, "याला आता ट्रॅक्टरला हात लावू देऊ नका, गावाची पेरणी बुडेल!" आणि रॉयस, जो कुणाचं एक ऐकून घेत नाही, तो हसत होता. "वय झालं रे बाबांनो," म्हणत होता. माझ्या टपरीसमोर ऑर्व्हल बसला होता. कॉफी घेतली नव्हती. एकेक टोमणा त्याच्या चेहऱ्यावर पडताना मला दिसत होता.

भोंग्यावर रॉयसचं नाव झालं. शिट्ट्या, आरडाओरडा. रॉयस वाकून नमस्कार करत पुढे निघाला. ऑर्व्हल उठला.

"ते माझं आहे," तो म्हणाला.

लोक हसले. वाटलं, नवी थट्टा. तो चालत फळीपर्यंत गेला, ड्वेनच्या समोर.

"ऑर्व्हल, बस खाली," रॉयस दबक्या आवाजात म्हणाला. "अरे, बस ना."

"हेड मी पाडलं. रॉयसने नाही. माझे हात गेलेत, नसांचा आजार आहे, बरा होणार नाही. हेड मला स्वतः बसवायचं होतं, म्हणून उपसलं, आणि पेललं नाही." एका दमात एवढं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. "दे, ड्वेन. माझं आहे ते."

त्याने दोन्ही हात पुढे केले.

कुणी हसत नव्हतं. ड्वेन फळी धरून नुसता उभा. मग लॉनी गर्दीतून धावत पुढे आला. डोळे भरलेले. चांगला आहे पोरगा, आमचे सगळेच चांगले आहेत. त्याने ड्वेनच्या हातातून फळी घेतली.

"जड आहे काका," तो म्हणाला. "मी धरतो. तुम्ही बसा, मी गाडीत नेऊन ठेवतो."

कुणीतरी खुर्ची आणली, कुणी ऑर्व्हलच्या कोपराला धरलं. त्याचे हात अजून पुढेच होते. मग त्याने ते खिशात घातले आणि खुर्चीवर बसला.